दस्तीखालची ठुशी

माझी मान लांब आहे. शाळेत पोरं मला उंट म्हणायची. पुढं लग्नाच्या वेळी मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्यानं मला शर्टाची वरची गुंडी लावून दाखवायला सांगितलं, आणि गुंडी लावल्यावरही बरीच मान वर उरली म्हणून तो मनापासून हसला. त्यामुळं या मानेबद्दल मला कधी प्रेम वाटलं नाही. ती कधी घरखर्चाला उपयोगी पडेल असं तर स्वप्नातही आलं नव्हतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बी.एड. होऊन मी सेनगावला एका खासगी शाळेत मास्तर झालो होतो. शाळा विनाअनुदानित. म्हणजे मास्तर होता, फळा होता, हजेरीपट होता, पगार तेवढा नव्हता. अनुदान येऊन राहिलंय, असं संस्थेचे अध्यक्ष दर झेंडावंदनाला सांगायचे आणि आम्ही मास्तरलोक पोरांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवायचो. माझे वडील पुसेगावला राहायचे. लोकांच्या रानात मजुरी करून त्यांनी मला शिकवलं होतं. पोरगं मास्तर आहे, हे ते बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. पगाराचं काय, हे त्या अनोळखी माणसानं विचारलं तर बाबा काय सांगत असतील, हा विचार मी टाळत असे.

घर चालायचं ते बायकोच्या बोटांवर. ती रिसोडकडची. माहेरी मावशीजवळ बसून मणी ओवायला शिकली होती. पोत, तन्मणी, नथ, बुगड्या असं सगळं करायची, पण तिचा हात खरा बसला होता तो ठुशीवर. बारीक गोल सोनेरी मणी दाटीदाटीनं विणून केलेला, गळ्याला बिलगून बसणारा दागिना. मागं दोरा आणि त्या दोऱ्याला सरकती गाठ. गाठ सैल केली की ठुशी डोक्यावरून गळ्यात घालायची, मग गाठ वर सरकवून हवी तेवढी घट्ट करायची. मणी खोटे, पण विणकाम असं की सोनाराच्या दुकानात नेऊन ठेवली तर सोनारही एकदा हातात घेऊन बघेल.

गल्लीतल्या बायकांनी हौसेनं घेतल्या. मग झालं काय, की गल्लीत प्रत्येकीच्या गळ्यात ठुशी आली आणि गिऱ्हाईक संपलं. आता माल बाहेर नेणं भाग होतं. आमची मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागलेली. तिला कडेवर घेऊन बायकोनं बाजारात कसं बसायचं? तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं.

सेनगावच्या बाजारात बसायला मी साफ नकार दिला. तिथं माझ्या विद्यार्थ्यांच्या आया भाजी घ्यायला यायच्या. सकाळी ज्या मास्तरानं पोराचा कान धरला, तोच दुपारी नथा विकताना दिसला तर वर्गात काय राहील? शेवटी मी आखाडा बाळापूरचा बाजार धरला. हिंगोलीच्याही पलीकडं, गाडी बदलून जायचं. लांब पडायचं, पण बाळापुरात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

पहिल्या बाजाराला मी एका कांदेवाल्याच्या आणि प्लॅस्टिकच्या चपलावाल्याच्या मध्ये चादर अंथरली, दागिने मांडले आणि वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलं. बायका यायच्या, वाकायच्या, मग पेपरामागं पुरुष आहे हे बघून पदर सावरत पुढं जायच्या. दुपारपर्यंत माझ्याकडून कुणी काही घेतलं नाही. अग्रलेख मात्र मला पाठ झाला.

मग एक म्हातारी आली. तिला नातीसाठी ठुशी हवी होती. गळ्यात कशी दिसते ते बघायला तिनं आरसा मागितला. आरसा मी आणला नव्हता. ती म्हणाली, असू दे, तुमच्या बायकोच्या गळ्यात घालून दाखवा. बायकोही मी आणली नव्हती. म्हातारीनं कांदेवाल्याकडं बघितलं, त्याला तर मानच नव्हती, डोकं सरळ खांद्यावर ठेवलेलं. मग तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. तुमीच घाला की, ती म्हणाली. मी म्हणालो, आजी, मी पुरुषमाणूस आहे. त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "गळा त्यो गळाच असतोय, भाऊ. घाला."

मी घातली. तिनं मला डावीकडं वळायला लावलं, उजवीकडं वळायला लावलं, हनुवटी वर करायला लावली. तेवढ्यात चार बायका गोळा झाल्या. मघाशी पदर सावरून पुढं गेलेल्याच त्या. कुणी म्हणालं, ती तीनपदरी घालून दाखवा. कुणी म्हणालं, ही काढू नका, वरून ती पोत घाला, दोन्ही मिळून कसं दिसतं बघू. माझ्या मानेवर जागा भरपूर होती. संध्याकाळी चादर झटकून घडी घालताना मला कळलं की परत न्यायला फारसं काही उरलेलं नाही.

घरी येऊन मी हे सगळं कसंबसं बायकोला सांगितलं. ती हसेल अशी मला भीती होती. ती हसली नाही. कोणती ठुशी बायकांनी जास्त वेळ बघितली, एवढंच तिनं विचारलं, आणि दोरा घेऊन माझ्या मानेचं माप घेतलं.

पुढचे महिने असेच गेले. शाळेला सुट्टी असेल किंवा सकाळची शाळा असेल तेव्हा मी बाळापूर गाठायचो. बायका आता मला हक्कानं वळवायच्या. अडचण एकच होती. माझ्या गळ्यात बघून घेतलेली ठुशी घरी गेल्यावर त्यांच्या गळ्यात तशी दिसायची नाही. पुढच्या बाजाराला तक्रार यायची, "भाऊ, तुमच्या गळ्यात दिसत होती तशी माझ्या गळ्यात दिसून न्हाई राहिली." आता याला मी काय करणार? एकदा बैलबाजारातून आलेला एक म्हातारा बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या गळ्यात तेव्हा दोन पोती, एक ठुशी होती आणि हातात नथ होती. त्यानं आदरानं विचारलं की तमाशा कुठं उतरला आहे आणि रात्री वग कोणता लावणार. मी त्याला नम्रपणे सांगितलं की मी त्यातला नाही. त्याचा विश्वास बसला नाही.

अशात एप्रिल आला. आमच्या गल्लीच्या टोकाला एका मोठ्या बागायतदाराचं घर होतं. त्या घरची बाई, लेकीच्या साखरपुड्यात स्वतः घालायची म्हणून, बायकोला खास ठुशी सांगून गेली. सोन्याची होतीच तिच्याकडं, पण तिला आणखी दाट विणीची, मध्ये लाल खडा असलेली हवी होती. बायकोनं ती जीव लावून केली. साखरपुडा दोन दिवसांवर आला असताना बायकोच्या आईला बरं नाही असा निरोप आला. ती मुलीला घेऊन रिसोडच्या जीपमध्ये बसली. परवा साखरपुडा, मी उद्या दुपारी येतेच, त्या बाई संध्याकाळी ठुशी न्यायला येतील, असं सांगून गेली. ठुशी एका डबीत ठेवली होती. ती डबी बाकीच्या मालाच्या पिशवीतच होती, हे ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या.

त्याच दिवशी बाळापूरचा बाजार. पिशवी उघडली तर वरच डबी. मी ती बाजूला ठेवली, पण एका गिऱ्हाईक बाईनं नेमकी तीच उघडली. ही विकायची नाही, असं मी सांगितलं. विकायची नाही म्हटल्यावर तिला दुसरं काही दिसेचना. नुसती घालून दाखवा, घेत न्हाई, पण अशीच सांगून करून घेते, असं म्हणाली. तेही खरंच. मी घातली. ती बाई ऊस तोडणारी असावी, हाताला ताकद होती. सैल काहून घातली, असं म्हणत माझ्या मागं आली आणि तिनं गाठ धरून एकदाच वर ओढली.

माझे डोळे बाहेर यायचे राहिले. ठुशी मात्र फार छान बसली, असं सगळ्या बायकांचं मत पडलं. त्या बाईनं पुढच्या बाजाराला अशीच आणा असं सांगितलं आणि निघून गेली. मी काढायला गेलो तर गाठ हलेना. उन्हाचा घाम मानेवरून ओघळून दोरा भिजला होता, फुगला होता, गाठ दगडासारखी झाली होती. चपलावाल्यानं प्रयत्न केला. कांदेवाला विळी घेऊन आला, त्याला मी लांबूनच थांबवलं. कारण ज्या दोऱ्यात मणी विणलेले तोच दोरा मागं गाठीपर्यंत आलेला. तो कापला की मणी बाळापूरच्या बाजारभर झाले असते आणि परवा साखरपुडा. ही गाठ सोडवणारे दोन हात जगात होते, आणि ते रिसोडकडं आईचे पाय चेपत बसले होते.

शर्टाची कॉलर माझ्या मानेला पुरत नाही, हे वर सांगितलंच आहे. मी खांद्यावरची दस्ती, आमच्याकडं मोठ्या रुमालाला दस्ती म्हणतात, ती गळ्याभोवती गच्च गुंडाळली आणि गाडीत बसलो.

हिंगोलीला सेनगावची बस मिळाली. कंडक्टर आला. मी "सेनगाव" म्हणालो, पण ठुशी घशावर दाबून बसल्यामुळं आवाज असा आला की मीच दचकलो. कंडक्टरनं वाकून बघितलं. एप्रिलचं ऊन, बसचा पत्रा तापलेला, आणि हा माणूस गळा गुंडाळून बसलेला. घसा धरला का, त्यानं विचारलं. मी मान हलवली. मला नाही म्हणायचं होतं, पण ठुशीमुळं मान आडवी हलत नव्हती, उभीच हलली.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं लेकरू उचललं आणि ती मागच्या बाकावर गेली. ही गालफुगी आहे, असं तिनं तिथून जाहीर केलं, कारण तिच्या दिराला अगदी असंच झालं होतं. मग सगळी बस माझ्या गळ्यात शिरली. हळद-चुन्याचा लेप लावा. मिठाच्या पाण्यानं शेका. एका म्हाताऱ्यानं कनवटीची चुन्याची डबी काढून लगेच लावूनच देतो असं म्हटलं, तेव्हा मी दोन्ही हातांनी दस्ती धरून ठेवली. त्यावर, लई दुखून राहिलं बिचाऱ्याला, असं ठरलं. कुंभाराच्या चाकावरची माती हाच खरा उपाय, यावर शेवटी एकमत झालं. पुसेगावला चार माणसं उतरली. त्यातल्या एकानं खाली उतरून खिडकीतून मला न्याहाळलं आणि माझ्या बाबांचं नाव घेऊन, त्यांचाच ना तुमी, असं विचारलं. मान पुन्हा उभीच हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. सुट्टी घ्यावी तर मुख्याध्यापकांना कारण सांगावं लागेल. त्यापेक्षा गेलेलं बरं असं वाटलं. पण बातमी माझ्याआधी शाळेत पोचली होती. मुख्याध्यापक ऑफिसच्या दारातच उभे होते. मी जवळ जाईन तसे ते मागं सरकत होते. मोठ्या माणसाची गालफुगी वाईट, असं ते म्हणाले. मग इकडं तिकडं बघून आवाज खाली आणून म्हणाले, "पुढं लेकरंबाळं होत नाहीत म्हणतात, सर. तुम्हाला एकच आहे ना?"

आणि त्यांनी मला वर्गात न जाता व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून शिकवायला सांगितलं. मी खिडकीचे गज धरून घोगऱ्या आवाजात समास शिकवले. पोरं इतकी गप्प मी कधी बघितली नव्हती. एरवी पाठीमागच्या बाकांवर बाजार भरलेला असायचा. त्या दिवशी मास्तर आता मरतो की काय, या काळजीनं सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. तत्पुरुष समास त्या वर्गाला कायमचा समजला.

घरी आलो तर ओट्यावर शेजारपाजारचे लोक बसलेले आणि त्यांच्यामध्ये माझे बाबा. पुसेगावहून पहिल्या जीपनं निघाले होते. हातात ओल्या फडक्यात बांधलेली कुंभाराच्या चाकावरची माती होती. वाटेत ती वाळू नये म्हणून ती मांडीवर घेऊन बसले होते, त्यामुळं धोतरही मातीचं झालं होतं.

मी आत जाऊन बसलो. माझ्यामागून सगळे आत आले. जागा नव्हती म्हणून दोघंतिघं उंबऱ्यात उभे राहिले. चहा करायला बायको नाही, म्हणून शेजारच्या काकू आमच्याच चुलीवर चहा करायला लागल्या. बाबांनी ताटलीत माती काढली, पाणी घातलं आणि बोटांनी कालवायला लागले. ही माती लावायची म्हणजे दस्ती निघणार. मी म्हणालो, बाबा, कमी झालंय. माझा आवाज ऐकून कुणालाच ते पटलं नाही.

तेवढ्यात उंबऱ्यातली माणसं बाजूला झाली आणि बागायतदाराची बाई आत आली. गोरीपान, धिप्पाड, हातात छत्री. संध्याकाळी येणार होती, पण माझ्या आजाराचं ऐकून तिला ठुशीची काळजी वाटली असावी. ती आमच्या घरात प्रथमच येत होती. त्यांच्या घरी आमच्यासाठी चहाचा कप वेगळा असतो का, हे मला माहीत नव्हतं, कारण मीही त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. ठुशी सांगायला आली तेव्हाही ती अंगणात उभी राहूनच बोलली होती. काकूंनी तिला पाट दिला. ती बसली. घरात दुखणं असताना विचारू नये, पण उद्या साखरपुडा आहे, माझी ठुशी तयार असेल तर देऊन टाका, असं ती म्हणाली.

मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं. तिथूनही काही मदत येण्यासारखी नव्हती.

बाबांची माती कालवून झाली होती. "सोड ती दस्ती," ते म्हणाले. मी हललो नाही. तेव्हा त्यांनी चिखलाच्या हातानं दस्तीचं टोक धरलं आणि लहानपणी ताप बघताना कुंची काढायचे तसं सरळ ओढलं.

दारातून ऊन येत होतं. ते नेमकं माझ्या गळ्यावर पडलं. मणी असे काही चमकले की उंबऱ्यातल्या एकानं डोळ्यावर हात धरला. मध्ये लाल खडा. चुलीवरचा चहा उतू गेला तरी काकू तिकडं वळल्या नाहीत.

बाबांनी वाकून नीट बघितलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अगदी बाळापूरच्या बायका बघायच्या तसं. मग मातीची ताटली खाली ठेवत म्हणाले, "गालफुगी न्हाई. ठुशी हाय."

"माझी हाय," बागायतदारीण म्हणाली.

आता सगळं सांगणं आलं. बाजार, ऊसतोडीची बाई, गाठ, सगळं मी घोगऱ्या आवाजात सांगत असतानाच रिसोडची जीप आली आणि बायको मुलीला घेऊन दारात उभी राहिली. घरात एवढी माणसं बघून ती आधी घाबरली. मग माझ्याकडं लक्ष गेलं. मुलगी आईच्या कडेवरून माझ्या गळ्याकडं बोट दाखवून हसायला लागली, आणि मग तिच्या आईलाही आवरेना. ती हसतहसत खालीच बसली. "मी एक दिवस गेली तं तुमी नटून बसले," एवढंच तिच्याच्यानं बोलवलं. तेव्हा कुठं बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाल्यासारखं झालं. आधी काकू, मग उंबऱ्यातले, मग मी, पण मला हसताना ठुशी रुतत होती.

बायकोनं सुई आणली, खोबरेल आणलं. माझं डोकं आपल्या मांडीजवळ वाकवून गाठीवर तेलाचा थेंब सोडला आणि सुईच्या टोकानं एकेक पदर उकलत बसली. सगळं घर बघत होतं. गाठ सुटली तेव्हा मी घेतला तसा श्वास मी त्यानंतर कधी घेतला नाही. ठुशी अख्खी निघाली, एक मणी हलला नव्हता. माझ्या गळ्यावर तिची नक्षी उमटली होती आणि ती पुढं बरेच दिवस तशीच होती.

बायकोनं ठुशी फडक्यानं पुसली आणि हातात धरून ठेवली. पुढं काय करायचं ते तिला कळेना. कुणालाच कळेना. ठुशी रात्रभर माझ्या गळ्यात होती. माझ्या घामात भिजली होती. ही बाई बागायतदारीण, आणि गळा आमच्या वस्तीतला. हे बोलून दाखवायची गरज नव्हती, खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. बाबा तर मातीच्या ताटलीकडं बघत होते. असल्याच रानांत त्यांचा जन्म गेला होता.

बाईनं हात पुढं केला. ठुशी घेतली, उजेडात धरली, दाट वीण बोटानं चाचपली. मग आपल्या गळ्यातली सोन्याची काढून मांडीवर ठेवली आणि आमची डोक्यावरून गळ्यात घातली. गाठ वर सरकवायला तिला मागं हात पुरेना तेव्हा तिनं माझ्या बायकोकडं पाठ केली. बायकोनं गाठ सरकवली. आमच्या घरात आरसा होता, तो भिंतीवर माझ्या मापानं उंच लावलेला. बाई पाटावर बसलेली. तिनं समोर बसलेल्या बाबांनाच विचारलं, "बघा बरं, दादा. कशी दिसून राहिली?"

एका बागायतदारणीच्या गळ्याकडं बघून मत द्यायची वेळ बाबांवर आयुष्यात कधी आली नसावी. त्यांनी आधी धोतराला हात पुसले. मग बघितलं. "बराबर बसली," ते म्हणाले.

तिला ते पुरलं. काकूंनी उरलेला चहा दिला तो ती सगळ्यांबरोबर प्याली, पण बाई बाईच होती. कप खाली ठेवता ठेवता तिनं बायकोला सांगितलं की आता हा दागिना वापरलेला आहे, तेव्हा भाव कमी करून द्यावा. माझी बायको म्हणाली की उलट जास्तच द्यायला पाहिजे, ठुशी हिंगोलीपर्यंत गाजून आली आहे. बराच वेळ दोघींचं चाललं. शेवटी काय ठरलं ते त्या दोघींनाच माहीत, पण दोघी खुशीत होत्या.

माणसं पांगली तेव्हा बाबा ओट्यावर बसले. आता ते पगाराचं विचारणार, मास्तर झालेल्या पोरावर नथा विकायची पाळी का आली हे विचारणार, म्हणून मी मनाची तयारी करून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. त्यांनी विचारलं ते वेगळंच. बाळापूरला काहून जातूस, एवढ्या लांब?

मी सांगितलं, तिथं मला कुणी ओळखत नाही.

"बाळापूरला माझी चुलतबहीण दिली हाय," ते म्हणाले. "तिनं दिवाळीतच सांगितलं मला. तुझं पोरगं बायकांच्या माळा घालून बसतंय म्हणली."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. दिवाळीपासून, म्हणजे माझ्या पहिल्या बाजारानंतर थोड्याच दिवसांत, बाबांना सगळं माहीत होतं. पगाराचं तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं. असल्या शाळांत काय मिळतं हे पुसेगावच्या पारावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू लपून करून राहिला होतास, तर मी कशाला उघडं पाडू? एवढं बोलून त्यांनी उरलेली माती फडक्यात परत बांधली. कुणाला खरीच गालफुगी झाली तर लागेल, म्हणाले.

त्यानंतर मी सेनगावच्या बाजारात बसायला लागलो. सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या आया लाजल्या, मग त्यांनीही मला वळवायला सुरुवात केली. वर्गात काही बिघडलं नाही. उलट एखादं पोर गृहपाठ न करता आलं तर त्याच्या आईची मला बाजारात गाठ पडायचीच.

पुढं काही वर्षांनी हिंगोली जिल्हा झाला, आणखी काही वर्षांनी शाळेला खरंच अनुदान आलं. अध्यक्षांनी ते जाहीर केलं तेव्हा सवयीनं आम्ही नेहमीएवढ्याच टाळ्या वाजवल्या, कारण ही बातमी खरी आहे हे कळायला थोडा वेळ लागला. तोवर बायकोनं सेनगावच्या स्टँडसमोर एक लहान दुकान घेतलं होतं. दुकानात मला बसू द्यायची नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हो ला हो करतो, असं तिचं म्हणणं.

बाबा थकल्यावर आमच्याकडं राहायला आले. त्यांना घरी करमेना. मग ते दुकानात जाऊन बसायला लागले. ते तर माझ्याहून अवघड. आलेल्या प्रत्येक बाईला गाव विचारायचे, गावावरून नातं काढायचे, आणि नातं निघालं की भाव सांगायला संकोचायचे. बायकोनं त्यावर एक तोड काढली. मामा, तुमी बसा, कोणी आलं तं मले आवाज द्या, बोलू नका, असं तिनं त्यांना सांगितलं, आणि ती मागच्या खोलीत मणी ओवत बसायची.

बाबांनी ते काम मनावर घेतलं. दारात सावली दिसली की ते आवाज द्यायचे, "सूनबाई, गिऱ्हाईक आलं." बायको हातातली सुई खोचून बाहेर यायची, तर तिथं एखादी बाई रिसोडची बस कुठं लागते हे विचारत उभी असायची. दिवसातून असं कितीदा तरी व्हायचं. बायको चिडायची नाही. बस कुठं लागते ते सांगायची, आणि बस यायला वेळ आहे, तोवर सावलीला बसा म्हणायची. ती बाई बसायची. बसल्यावर नजर काचेच्या कपाटाकडं जायचीच. त्या वर्षी आमच्या बऱ्याच ठुश्या अशा बस चुकलेल्या बायकांनी नेल्या.